उजवीकडे भात, डावीकडे तवा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. भूत, हडळ, मुंजा, चकवा... असल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली. माणूस गेला की त्याचे डोळे मिटायचे, नाकात कापूस घालायचा, हात धुवायचे आणि शेजारच्या खोलीत बसून भाकरी खायची, असे किती दिवस गेले त्याची मोजदाद नाही. मेलेल्या माणसाने मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो जिवंत नातेवाइकांनी, आणि त्यांच्याहून जास्त वरून तपासणीला येणाऱ्या साहेबलोकांनी. "सिस्टर, तुम्हाला कधी काही दिसलं का हो?" असं कुणी डोळे मोठे करून विचारलं की मी म्हणायचे — दिसलं की, तुमचं बीपी दिसलं, मीठ कमी करा.

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते. राग मानू नका, पण त्यातले निम्मे मला थापा वाटतात. माझा अनुभव लिहायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. कारण भुताचं नव्हे... त्यात माझी एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. आता वय झालं. लिहून टाकते.

साल दोन हजार एक-दोनचा सुमार. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक छोटा दवाखाना होता. नाव लिहीत नाही, आता तो बंदही पडलाय. दहा खाटा आणि इमर्जन्सीची एक खोली. खोलीला दार एकच, व्हरांड्यात उघडणारं. मागे जांभळाच्या झाडाकडची खिडकी, तिला गज. आत लोखंडी टेबल, ऑक्सिजनचं सिलिंडर, भिंतीला लागून एक ट्रॉली, आणि ट्रॉलीवर आमचा मानकरी, म्हणजे हार्ट मॉनिटर. शहरातल्या कुठल्याशा हॉस्पिटलात म्हातारा झाल्यावर आमच्याकडे आलेला. छोटा काळा पडदा, त्यावर पळणारी हिरवी रेघ.

त्याला तीन वायर. पांढरी, काळी, लाल. प्रत्येकीच्या टोकाला एक गोल चिकट पॅच, टिचबटणासारखा दाबून बसवायचा. पांढरी उजव्या खांद्याखाली, काळी डाव्या खांद्याखाली, लाल डावीकडे खाली, बरगड्या संपतात तिथे. झालं. पण एवढंसं काम घाईत भल्याभल्यांना जमत नाही बरं का! हाडावर लावतात, केसांवर लावतात, घामावर लावतात. पाकीट उघडं टाकतात, पॅचवरचं जेल वाळतं, तेच लावतात. मग रेघ एकतर नाचते, नाहीतर झोपते. हल्लीच्या मशिनी वायर सुटली की बोंबा मारतात. आमचं मशीन मुकं होतं. वायर सुटो नाहीतर माणूस जावो, त्याची रेघ सारखीच सरळ.

आमच्याकडे हे काम सगळ्यांत नीट कुणाला जमायचं सांगू? डॉक्टरांना नाही, मला नाही... लाडकी मावशीला. मावशी आमची आया. जवळच्या दाभोशाची. पन्नाशी उलटलेली, काटक, दातांना मिश्री, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मी नव्या मुलींना 'राइट आर्म, लेफ्ट आर्म' करून घसा फोडत होते तेव्हा ही कोपऱ्यात लादी पुसत ऐकत असायची. एक दिवस पेशंट टेबलावर, मुलगी वायर हातात घेऊन भांबावलेली, आणि मागून मावशीचा आवाज आला.

"पोरी, उजवीकडं भात, डावीकडं तवा, तव्याखाली जाळ. लाव!"

पांढरा भात, काळा तवा, लाल जाळ. आम्ही पोट धरून हसलो. पण त्या दिवसानंतर आमच्या दवाखान्यात कुणाची वायर चुकली नाही. आमचे डॉक्टर, नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले, तेसुद्धा ओठातल्या ओठात भात-तवा पुटपुटत वायरी लावायचे.

मावशीचं दुसरं एक होतं. तिच्या कमरेला निळ्या लुगड्याचं एक फडकं खोचलेलं असायचं. रोज उकळायची, उन्हात वाळवायची. पेशंट आला की आधी त्या फडक्याने छाती कोरडी करणार, आपण पाटा पुसतो तशी, दाबून, आणि मगच पॅच. मी ओरडायचे, अगं मावशी, माणूस मरतोय आणि तुझं पुसणं चाललंय! ती शांतपणे म्हणायची, "बाई, वल्या चुलीत जाळ धरतो का? तू सांग." आमच्याकडची गावची माणसं कलेक्टरलाही तूच म्हणतात, त्यात अपमान नसतो. एकदा ती स्टोव्हवर फडकं उकळत असताना मी दारातून अशी खेकसले की ती दचकून वळली, आणि फडक्याचं टोक जाळात गेलं. कोपऱ्याजवळ चिंचोक्याएवढं भोक पडलं. "हा तुझा भोक, बाई," असं म्हणून ती मला ते मुद्दाम दाखवायची. माझा तोंडाळपणा सगळ्या दवाखान्याला माहीत होता, तिला सगळ्यांत जास्त.

आता ती गोष्ट. एकदा वरून साहेब आले तपासणीला. नेमकी त्याच वेळी मावशी एका पेशंटला वायरी लावत होती. साहेबांनी भुवया वर केल्या. "सिस्टर, इथे आया मॉनिटर लावतात?" मला सांगता आलं असतं, की साहेब, ही आमच्या सगळ्यांपेक्षा बरं लावते. पण माझी चामडी वाचवायची होती ना! सगळ्यांच्या देखत मी तिच्यावर कडाडले — "लाडके! परत त्या मशीनला हात लावलास तर याद राख. झाडू धर, झाडू. तेवढंच तुझं काम आहे."

मावशी म्हणण्याचंही भान राहिलं नाही मला. लाडके म्हटलं मी तिला, माझ्या आईच्या वयाच्या बाईला. तिने कमरेचं फडकं काढलं, घडी घातली, ट्रॉलीच्या खालच्या खणात ठेवलं आणि म्हणाली, "बरं बाई." बस्स. त्यानंतर तिने मशीनकडे पाहिलंही नाही. मला तेव्हाच कळलं होतं की आपण चुकलो. माफी मागायला काय लागतं हो, दोन शब्द! पण रोज सकाळी ती समोर यायची, मी म्हणायचे, "मावशी, बेडपॅन," आणि दिवस निघून जायचा. असे आठ महिने गेले.

भातकापणी आली. मावशीने चार दिवस रजा घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला दारात जीप थांबली, आणि किसनदादाने, म्हणजे मावशीच्या भावाने, तिला पाठुंगळीला मारून आत आणलं. मागे तिची एकुलती एक लेक, मंजी. भाताचा भारा बांधताना मावशीला सकाळीच लाल विंचू चावलेला. विंचू म्हटलं की शहरातली माणसं हसतात. आमच्याकडच्या लाल विंचवाने धडधाकट माणूस दिवसात जातो. हृदयच पकडतो तो. सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ भगताकडे गेला होता.

मावशी गार पडली होती. अंगावरून घामाच्या धारा, खोकल्याबरोबर तोंडाला फेस. आणि गळ्यापासून बेंबीपर्यंत भगताने राख आणि करंजाचं तेल कालवून लेप दिलेला, काळा आणि जाड. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, गोळी दिली, "सिस्टर, मॉनिटर!" म्हणाले. मी लेप पुसायला गॉझ उचलला. तेवढ्यात किसनदादाने माझं मनगट धरलं.

"बाई, पुसाचा नाय. भगतानं बांधलाय जीव. पुसला का सुटल."

तेवढ्यात मावशीने डोळे उघडले. माझ्याकडेच पाहिलं. ओठ हलले. "पूस..." असं म्हणाली ती. किसनदादाने ऐकलं नाही, मी ऐकलं.

आणि मी पुसलं नाही.

वर मोठ्या तोऱ्यात लिहिलंय ना, काडीचा विश्वास नाही म्हणून? मी तिथल्याच जामसर गावची. बाप मास्तर, पण आई आईच. लहानपणी मला ताप चढला की आई अशीच भगताची राख फासायची, दोन दिवस अंघोळ करू द्यायची नाही, आणि मी बरी व्हायचे. त्या क्षणी ते सगळं आतून वर आलं. वाटलं, राहू दे, एवढ्याने काय होतंय, उगाच आपल्या हातून काही व्हायला नको... जन्मात एकदाच मी असल्या गोष्टीवर विश्वास ठेवला, आणि तोसुद्धा नको त्या वेळी. पांढरी आणि काळी वायर मी लेपाच्या कडेला, जरा बऱ्या जागी लावली. लाल मात्र लेपावरच दाबली. दुसरी जागाच नव्हती.

रेघ आली. वेगात पळत होती, पण होती. किसनदादाला आणि मंजीला मी बाहेर बसवलं. पाऊण तासाने मावशीची मान कलली. मी पडद्याकडे पाहिलं. रेघ सरळ.

"सिस्टर, फ्लॅट," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गळ्याशी नाडी पाहिली, लागेना. छातीला स्टेथोस्कोप लावला, आत पाण्याची नुसती घरघर, दुसरं काही ऐकूच येईना. छाती दाबली. मधे मधे पडद्याकडे बघत होते. रेघ हलेना. कोवळं पोर, घामाने निथळत होतं. शेवटी त्यांनी हात थांबवले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. घड्याळात साडेतीन झाले होते.

ते बाहेर सांगायला गेले. मी आवरायला लागले. दहा मिनिटं झाली असतील. चादर सारखी करताना टेबलाखाली काहीतरी लोंबताना दिसलं. लाल वायर होती ती. पॅच उलटा झालेला, त्याला राखेचा काळा थर चिकटलेला.

मी तो पॅच हातात घेतला. रेघ आधी झोपली की वायर आधी सुटली? छाती दाबताना निसटली, की त्याच्याही आधी? मी कोपऱ्यातला गॉझ घेऊन तेवढी जागा खसाखसा पुसली, नवा पॅच लावला. रेघ सरळच होती. आता ती खरोखर गेली होती. आता! पण दहा मिनिटांपूर्वी?

मी वायर गुंडाळून ठेवली. डॉक्टरांना सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. आज इथे लिहितेय, ते पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दाभोशाला गेले. जाताना ट्रॉलीच्या खणातलं फडकं बरोबर घेतलं. आठ महिने ते तिथंच घडी घालून पडलेलं, कुणी हात लावला नव्हता. माफी मागायची राहिली होती ती अशी मागावी, असं काहीसं डोक्यात होतं. मंजीच्या हातात दिलं, म्हटलं, "आईचं आहे, तिच्याबरोबर जाऊ दे." त्यांच्याकडे मेलेल्याला वाटेसाठी चार दाणे तांदूळ बांधून देतात. मंजीने ते त्याच फडक्याच्या कोपऱ्यात, भोकाच्या शेजारी बांधले. ती डावखुरी. गाठ मारताना तिचा डावा हात मी बघत होते. मग ते आईच्या मुठीवर गुंडाळलं. नदीकाठी लाकडं रचली होती. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर जळलं. हे ध्यानात ठेवा. मी शेवटपर्यंत थांबले होते, मूठ जळेपर्यंत.

त्यानंतर मी मॉनिटरला हात लावला नाही. कुठल्या ना कुठल्या निमित्ताने ज्युनियर सिस्टरला पुढे करायचे. ड्रेसिंग, इंजेक्शन, बाळंतपण, काहीही सांगा, ते एवढं नको. मुलींना वाटायचं बाईंना कामाचा कंटाळा आलाय.

पुढचा उन्हाळा. लोक राबासाठी, म्हणजे पावसाआधी शेत भाजायला, पालापाचोळा, फांद्या गोळा करत होते. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन रणरणत होतं. ज्युनियर सिस्टर लसीकरणाला गेलेली. जीप थांबली. किसनदादा उतरला, आणि या वेळी त्याच्या पाठीवर मंजी होती.

पाल्यात हात घातला आणि विंचू. तोच लाल. तसाच घाम, तसाच फेस, आणि छातीवर तोच काळा लेप. माझं डोकंच फिरलं. "गेल्या वर्षी बहीण घालवलीत ना? पुन्हा भगताकडेच मेलात?" असं म्हणून मी किसनदादाला दंडाला धरून व्हरांड्यात काढलं आणि आतून कडी घातली. खोलीत तिघेच — मंजी, डॉक्टर आणि मी.

मी काही विचार न करता कापसाचा बोळा घेतला आणि लेप पुसला. म्हणजे मला वाटलं पुसला. कापसाने तेल पुसलं जातं होय? नुसतं पसरतं. घाईत पांढरी वायर दोनदा खाली पडली. उघड्या पाकिटातले पॅच घेतले, ते लावले. मंजीची मान कलली. डॉक्टर पलीकडच्या बाजूला, तिच्या डोक्याशी, दोन्ही हातांनी मास्क आणि फुगा धरून श्वास देत होते. त्यांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

"सिस्टर... फ्लॅट."

अगदी तेच शब्द. मी वायरींकडे पाहिलं. तिन्ही जागच्या जागी होत्या. या वेळी एकही सुटली नव्हती. नाडी बघितली, लागेना. मनात आलं, झालं, संपलं... आईमागे लेकही गेली, आणि दोघी माझ्याच टेबलावर. मी रडत होते की ओरडत होते मला आठवत नाही. डावा हात मागे केला आणि म्हटलं, "गॉझ द्या रे कुणीतरी!"

कुणाला म्हटलं मी? मागे कुणी नव्हतं. मागे ट्रॉली आणि भिंत.

हातात कापड आलं. 'आलं' म्हणजे कुणीतरी दिलं तसं, तळहातावर दाबून. उन्हात वाळून कडक झालेलं सुती कापड. मी वळूनही पाहिलं नाही. वेळ कुठे होता? मंजीची छाती मी त्या कापडाने पाटा पुसावा तशी पुसली, दाबून, कातडी लाल होईपर्यंत. नवं पाकीट दाताने फाडलं. आणि तोंडाने मोठ्याने म्हणत होते, हे डॉक्टर आजही सांगतील — उजवीकडे भात, डावीकडे तवा, तव्याखाली जाळ.

रेघ उठली.

वेडीवाकडी, भयंकर वेगात, पण उठली. "अहो सिस्टर, आहे! आहे!" डॉक्टर किंचाळलेच. आता काय चाललंय ते पडद्यावर दिसत होतं, म्हणून काय द्यायचं ते त्यांना कळलं. त्यांनी शिरेतून इंजेक्शन दिलं, मग आणखी एक. अर्ध्या तासाने रेघ ताळ्यावर आली. दुपारी एक वाजता मंजीने पाणी मागितलं.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. हातात ते कापड अजून होतं, काळं झालेलं, तेलकट. सहज उलगडलं. निळं होतं. एका कोपऱ्याजवळ चिंचोक्याएवढं भोक, कडा करपलेल्या. आणि शेजारी एक गाठ.

मी फडकं मुठीत धरून उठले. मग कडी काढली. किसनदादा व्हरांड्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. "दादा, फडकं तू दिलंस का मला?" त्याने डोकं वर केलं. "मी कसा दिन, बाई? तूच मला भायेर काढलास ना." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही मागे हात केलात आणि कापड घेतलंत. ट्रॉलीवर असेल की." ट्रॉली सकाळी मीच लावली होती. खण मीच पुसला होता. त्यात काही नव्हतं.

माझी भाची शहरात डॉक्टर आहे. ती म्हणते, आत्या, एका लुगड्याचे दोन तुकडे असतील, एक कुठेतरी राहून गेला असेल, तू टेन्शनमध्ये होतीस. असेल बाई. तुकडे दोन असतील. भोकंही दोन, त्याच जागी, तेवढीच? बरं, तेही समजा. पण मग गाठ?

मंजी चौथ्या दिवशी उठून बसली. मी फडकं धुऊन वाळवलं होतं, गाठीला हात न लावता. दुपारी ती पेज पीत होती तेव्हा ते तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने वाटी खाली ठेवली. गाठ डाव्या हातात घेतली, अंगठ्याने चाचपली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

"ही माझी गाठ हाय, बाई. आत तांदूळ हाये."

"ते जळलं ना गं? आपण दोघींनी बघितलं ना?"

"जळला ना," ती म्हणाली. मी म्हटलं, तू ठेव, तुझ्या आईचं आहे. तिने ते माझ्याकडे सरकवलं. "आईनं तुला दिलाय. मला देयाचा असता तं मला दिला असता. तुला कामाला दिलाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, मला वाटलं मिळाली मला माफी. मावशीने माफ केलं. फार हलकं वाटलं हो... फार तर अर्धा मिनिट.

कारण मंजीने मग विचारलं, "बाई, डॉक्टर सांगत व्हता, माझी पण रेघ सरळ झालती. खरा का?"

"हो."

"नाडी पण लागत नव्हती?"

"नव्हती."

"आनि मी तं व्हते." तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "मंग माझी आई?"

मी उठले. तिची पेजेची वाटी उचलली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. दोन दिवसांनी ती घरी गेली. जाताना पाया पडली माझ्या. माझ्या!

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी हजारो वेळा ते पॅच लावले असतील. आधी पुसायचं, मगच लावायचं. रेघ सरळ झाली तर आधी वायर बघायची, आणि मग माणसाबद्दल बोलायचं. मुलींना हेच शिकवलं, भात आणि तव्यासकट. कुणाचं शिक्षण आहे हे नाव घेऊन सांगितलं. लोकांना वाटायचं बाई फार शिस्तीच्या.

फडकं घरी स्टीलच्या डब्यात आहे. गाठ मी सोडलेली नाही. कधी कधी अंगठ्याने चाचपते, आत बारीक कणकण लागतं. जळलेलं कापड माझ्या हातात कसं आलं, कुणी दिलं, मला आजही सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाला सांगता आलं तर सांगा, पण खरं म्हणजे मला त्याची फारशी फिकीर उरलेली नाही. एवढ्या वर्षांत माझा भुतांवर विश्वास बसला का, तर तेही धड सांगता येत नाही.

ज्याचं उत्तर मला देता येत होतं, ते मी दिलं नाही. मंजीची मुलं आता शिकलीत, मोठा मास्तर झालाय म्हणे. तो हे तिला वाचून दाखवेल, म्हणून लिहिलं.

मंजे, तुझ्या आईची लाल वायर सुटलेली होती. ती मला पूस म्हणाली होती, आणि मी पुसलं नाही.